आत्तीचं एकच चॅनल

कंपनीचा माणूस दुकानात चहा पीत बसला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून उगाच रिमोटची खोकी लावत होतो. तो जे सांगत होता ते ऐकताना माझं तोंड त्याला दिसू नये, एवढीच माझी धडपड होती.

मिरजेकडच्या दोन डीलरांची डीलरशिप कंपनीनं आठवड्यात काढून घेतली, म्हणाला. एका कार्डावर दहा-दहा घरं चालवत होते. एकावर पोलीस केसही झाली. आता आमच्या बाजूला तपासणी येणार होती. "चौगुले, तुमचं तसलं काही नाही ना?" असं त्यानं हसत विचारलं. मीही हसलो. म्हटलं, साहेब, आमचं जैनाचं दुकान, आम्ही मुंगीसुद्धा चुकवून चालतो. तो गेला आणि मी खाली बसलो.

कारण माझं तसलं होतं.

जयसिंगपुरात सातव्या गल्लीच्या कोपऱ्यावर माझं डिश टीव्हीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी कंपनीनं एक कार्ड दिलेलं, त्यावर सगळी चॅनलं उघडी. नियम असा की एक कार्ड, एक डबा. कार्ड डब्यात घातलं की ते दर काही सेकंदांनी एक किल्ली देतं आणि त्या किल्लीनं चित्र उघडतं. पण तेच कार्ड डब्यातून काढून कॉम्प्युटरला जोडलेल्या यंत्रात घातलं, आणि त्या कॉम्प्युटरला तारेनं दुसऱ्या घरातले डबे जोडले, तर ते डबेही त्याच्याकडे किल्ली मागतात. कार्ड बसतं दुकानात आणि टीव्ही लागतात चार गल्ल्यांत. मी हे कोल्हापुरात एकाकडून शिकलो आणि हौसेनं केलं. चार घरं होती: माझं, बहिणीचं, दोस्ताच्या दवाखान्याचं आणि पद्माआत्तीचं. कुणाकडून एक पैसा घेतला नाही, हे मी स्वतःला रोज सांगायचो. पैसा घेतला नाही म्हणजे चोरी झाली नाही, असा माझा हिशेब.

आत्ती म्हणजे वडिलांची बहीण. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून दहावीपर्यंत मी आत्तीच्या घरी वाढलो. नवव्या गल्लीत तिचं तीन खोल्यांचं घर. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा धन्यकुमार पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो दोन वर्षं मागे लागला होता, घर विकू या, तू माझ्याकडे चल. आत्तीचं उत्तर ठरलेलं. माझं मला होतंय तोवर ह्या घरातनं हलणार नाही. ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी तू म्हणशील तिथं येईन. धन्यकुमार त्या दिवसाची वाटच बघत होता म्हणा ना. आणि आत्तीला त्या घराबाहेर काढली तर ती मासळीसारखी तडफडेल, हे मला ठाऊक होतं.

तिच्या घरी टीव्ही मीच बसवला. हे कार्डाचं प्रकरण तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं डबा उचलून माझ्या दुकानाच्या पायरीवर आणून ठेवला असता. ती नियमाची बाई. कांदा-बटाटा नाही, पाणी गाळल्याशिवाय नाही, दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही आणि दुसऱ्याची काडी नाही. म्हणून मी सांगितलं होतं, आत्ती, हे मी तुझ्या नावानं रीतसर घेतलंय. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

तर कंपनीचा माणूस गेल्यावर मी कॉम्प्युटरवरची नोंद उघडली. कुठल्या घरातल्या डब्यानं कुठल्या चॅनलची किल्ली कधी मागितली, त्याची ओळीनं ओळ त्यात असते. एरवी मी ती गंमत म्हणून वाचायचो. दाजी बहिणीला कामाला गेलो सांगून दवाखान्यात क्रिकेट बघतात, असलं सगळं मला कळायचं. त्या दिवशी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचत होतो, आणि आत्तीच्या नावावर येऊन थांबलो.

आत्तीचा डबा चोवीस तास चालू होता. आणि एकाच चॅनलवर. मराठी बातम्यांचं चॅनल. मी एक दिवस मागं गेलो, आठवडा मागं गेलो, अडीच महिने मागं गेलो. चॅनल एकदाही बदललेलं नाही. दुपारी नाही, पहाटे नाही.

आता हे कुणा साध्या माणसानं बघितलं असतं तर म्हणाला असता, म्हातारी टीव्ही बंद करायला विसरत असेल. पण मी चार वर्षं सांगलीत केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये काम केलेला माणूस. तिथं भिंतीला चाळीस डबे एकावर एक लावलेले. प्रत्येक डबा एका चॅनलवर लावून ठेवलेला, रिमोट ड्रॉवरमध्ये फेकलेले. डब्याला कुणी हात लावायचं नाही, तो रात्रंदिवस एकच चॅनल देणार आणि ते तारेनं गावभर जाणार. माणसं चॅनल बदलतात, कंट्रोल रूम बदलत नाही. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की दुसरं काही सुचेचना. माझ्या आत्तीच्या घरातून कुणीतरी चोरून केबल चालवत होतं. म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं.

कुणीतरी म्हणजे कोण, हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. आत्तीच्या मागच्या खोलीत मल्लाप्पा भाड्यानं राहायचा. अथणीकडचा, पंचविशी उलटलेला, स्टेशन रोडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तारा जोडणं, सोल्डरचा डाग देणं, सगळं हातात बसलेला गडी. बोलायला कमी. असल्या कमी बोलणाऱ्या माणसांवर माझा आधीपासून विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्तीकडे गेलो. आषाढ सरत आलेला, आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. दार उघडंच होतं. मी चप्पल काढतोय तोवर आतून आवाज आला, "ये सन्मती, पायरी ओली आहे, जपून." टीव्ही मोठ्यानं चालू होता. आत्ती पाटावर बसून घेवडा निवडत होती. चेहरा टीव्हीकडे नव्हता, भिंतीकडे होता. मला वाटलं, बघतच नाही तर लावतेस कशाला. तोंडानं मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. गुडघ्यांमुळे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, दर्शनाला जाणं बंद झालंय असं ती सांगायची. मग तिनं फळीवरची एक लग्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली, वाच म्हणाली, चष्मा कुठं ठेवलाय कोण जाणे. मी वाचून दाखवली. माझं लक्ष सगळं टीव्हीच्या मागं.

चहा करायला ती आत गेली आणि मी पटकन टीव्ही पुढं ओढला. डब्यातून एक तार टीव्हीत गेली होती ती माझी. पण दुसरी एक काळी तार निघाली होती, भिंतीला खिळे मारून नीट ओळीत नेलेली, आणि ती दाराच्या चौकटीवरून मागच्या बाजूला गेली होती. ती माझी नव्हती.

"ते नका काढू," मागून आवाज आला. मल्लाप्पा दारात उभा होता.

मी विचारलं, ही तार कसली. तो आत्ती गेली होती त्या दिशेला बघायला लागला. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, काही नाही, असंच. असंच म्हणजे काय रे? तेवढ्यात आत्ती चहा घेऊन आली आणि त्याच्या जिवात जीव आला, हे मी बघितलं. आत्ती म्हणाली, "असू दे रे ती तार. मल्लूनं माझ्यासाठीच केलंय ते." मी म्हटलं, काय केलंय? तर तिनं विषय बदलला, माझ्या बायकोचं बाळंतपण कधी म्हणून विचारायला लागली. आत्ती कधी विषय बदलणारी बाई नव्हती. पाणी कुठंतरी मुरत होतं. ह्या पोरानं म्हातारीला गोड बोलून गुंडाळलंय, असं माझ्या मनानं घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर आत्तीला बाजूला घेऊन सरळ विचारायचं. विचारणार काय? तुझा डबा दिवसरात्र चालू आहे हे मला कसं कळलं, हे तिनं विचारलं असतं. मग कार्ड, मग कॉम्प्युटर, मग चार घरं. डोक्यावर हात ठेवलेली बाई ती. माझी जीभ रेटली नाही.

त्यापेक्षा मी मल्लाप्पाला त्याच्या दुकानात गाठलं. मालकासमोरच विचारलं, माझ्या आत्तीच्या घरातून तार कुठं नेली आहेस? किती घरांना देतोस? तो पांढराफटक पडला. मालक त्याच्याकडे संशयानं बघायला लागला.

"मी काही वाईट केलेलं नाही," तो म्हणाला. "पण सांगता येत नाही. आजींना शब्द दिलाय. त्यांनाच विचारा की हो."

मला वाटलं, शब्दाचं नाव पुढं करून सुटतोय. त्याच संध्याकाळी मी पुण्याला धन्यकुमारला फोन लावला. तुझा भाडेकरू तुझ्या आईच्या घरात काहीतरी भलते धंदे करतोय, तू येऊन त्याला बाहेर काढ, उद्या पोलीस तुझ्या दारात यायला नकोत. कार्ड माझं आहे हे त्यालाही सांगितलं नाही. धन्यकुमार म्हणाला, शनिवारी येतो, ह्या वेळी घराचाच सोक्षमोक्ष लावतो. फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य मला खटकलं. पण डीलरशिप गेली तर खायचं काय, ह्या भीतीपुढं बाकीचं सगळं लहान दिसत होतं.

शुक्रवारी दुपारी बाराला मी कॉम्प्युटरवर बसलो आणि यादीतून आत्तीचं नाव काढून टाकलं. आता तिच्या डब्याला किल्ली मिळणार नव्हती, टीव्ही काळा. मनात हिशेब असा की ज्याचं दुखेल तो ओरडत येईल. त्याची केबल बंद पडली की मल्लाप्पा तरी पळत येईल, नाहीतर ज्याला तो देतो तो तरी. मग मी रंगेहाथ पकडणार.

एक वाजला, तीन वाजले, पाच वाजले. कुणी आलं नाही. आत्तीचा घरचा फोन पावसात बंद पडलेला, त्यामुळे तिचा फोन येण्याचा प्रश्न नव्हता. बाहेर अंधारून आलेलं, चार वाजताच गल्लीतल्या लोकांनी दिवे लावले. मी दुकानात बसून रस्त्याकडे डोळे लावून होतो. म्हटलं, लबाड आहे, थांबून बघतोय.

सात वाजून गेल्यावर मल्लाप्पा आला. पळत आला आणि नखशिखांत भिजलेला होता. मी उठून उभा राहिलो, काय बोलायचं ते दिवसभर घोकलेलं होतं.

"आजी पडल्यात," तो म्हणाला. "चला लवकर. बोलत नाहीत."

आत्ती स्वयंपाकघरात जमिनीवर कुशीवर पडली होती. अंग घामानं थबथबलेलं. शेजारी ताट वाढलेलं होतं, भाकरी, घेवड्याची भाजी, वरण, आणि ताटावर ताट झाकलेलं. घास मोडलेला नव्हता. आम्ही दोघांनी उचलून रिक्षात घातली. आमच्या सगळ्यांची औषधं चालायची त्याच दोस्ताच्या दवाखान्यात नेलं. साखरेच्या गोळ्या तिला बरीच वर्षं चालू होत्या, हल्ली त्या मल्लाप्पाच तिथून नेऊन द्यायचा; आता साखर पार खाली गेली होती. गोळी घेतली आणि वर जेवलीच नाही, डॉक्टर म्हणाला. सलाईन लावलं. मग त्यानं तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, इकडं मारली, तिकडं मारली आणि माझ्याकडे वळला.

"सन्मती, ह्यांना दिसत नाही. एका डोळ्यानं अजिबात नाही, दुसऱ्यानं उजेड-अंधारापुरतं. साखरेनं पडदे गेलेत. तुम्हा कुणालाच माहीत नाही?"

मी मल्लाप्पाकडे बघितलं. तो बाकावर मान खाली घालून बसला होता. आता त्याचा शब्द सुटला होता, तर त्यानं सांगितलं. वर्ष झालं असेल. आजींनी त्याला पार्श्वनाथाची शपथ घातलेली, कुणाला कळू द्यायचं नाही, कळलं तर धन्या मला घेऊन जाईल. घर पन्नास वर्षांचं, पायाखालचं. चूल, डबे, विहिरीची कड, सगळं हाताला माहीत. फक्त वेळ कळत नव्हती. ऊन असलं की अंगणात उभं राहून कळायचं, पावसाळ्यात तेही नाही. म्हणून बातम्या. दर तासाला तो बातम्यावाला किती वाजले ते सांगतो. सकाळी आठच्या बातम्यांना एक गोळी, बाराच्या बातम्यांना जेवण, संध्याकाळी साडेपाचच्या बातम्यांना दुसरी गोळी आणि सहाच्या आत ताट. चॅनल चुकून बदललं तर पुन्हा सापडायचं नाही, म्हणून रिमोट त्यानं वर माळ्यावर ठेवलेला. आणि स्वयंपाकघरात आवाज पोचत नव्हता, म्हणून त्यानं डब्यातून तार काढून चुलीजवळ एक छोटा स्पीकर बसवला होता. ती काळी तार.

त्या दिवशी तो सामान आणायला कोल्हापूरला गेलेला. इथं बारा वाजता टीव्ही मुका झाला. पुढचं आत्तीनं शुद्धीवर आल्यावर सांगितलं. मल्लू आला की बघेल म्हणून ती थांबली. दुपारचं कसंबसं जेवली. संध्याकाळच्या गोळीची वेळ तिनं अंदाजानं धरली, गोळी घेतली, ताट वाढलं, आणि हात ताटात घालणार तेव्हा मनात आलं, दिवस मावळला असला तर? दारापर्यंत गेली. नुसता अंधार लागला. गल्लीत पाऊस, सगळ्यांची दारं लावलेली, विचारायला कुणी नाही. आणि विचारलं असतं तर गल्लीत कळलं असतं. चातुर्मास सुरू झालेला. तिनं ताट झाकलं आणि उपाशी बसली. डॉक्टरच्या हिशेबानं तेव्हा साडेपाचसुद्धा वाजले नव्हते.

मला त्या बाकावर बसवेना. मल्लाप्पाचे पाय धरावेत असं वाटलं, पण तेवढंही धाडस झालं नाही. मी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यानं तो हळूच बाजूला केला.

शनिवारी सकाळी धन्यकुमार आला तो सरळ दवाखान्यात. भाडेकरूला काढायला आला होता, त्याला आईच न्यायला मिळाली. डॉक्टरचं ऐकल्यावर तो रडला, खोटं कशाला सांगू. मग बाहेर जाऊन फोनवर बायकोला म्हणाला, मागची खोली रिकामी कर.

तो बाहेर असताना आत्तीनं मला जवळ बोलावलं. टीव्ही कसा बंद पडला रे, मल्लू म्हणतो डबा तर चांगला आहे. मी खोटं बोलू शकलो असतो. कंपनीचं काहीतरी काम चाललं होतं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. पण मला ते ओझं आता पेलत नव्हतं. मी सगळं सांगितलं. कार्ड, चार घरं, नोंद, माझा संशय, धन्यकुमारला केलेला फोन. ती डोळे मिटून ऐकत होती.

"म्हणजे इतके दिवस मी नियम पाळला तो चोरीच्या घड्याळावर," ती म्हणाली.

तिनं माझा हात चाचपला. "धन्याला कळवायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंस रे, सन्मती. मी तुला खरं सांगितलं असतं. तुला नसतं लपवलं."

ती एवढंच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं. सोमवारी धन्यकुमार तिला गाडीत घालून घेऊन गेला. दिवाळीच्या आत नवव्या गल्लीतलं घर विकलं गेलं. मल्लाप्पा आधीच अथणीला परत गेला होता, त्या संशयावरून मालकानं त्याला कामावरून काढून टाकलं होतं. मी जाऊन मालकाला सगळं सांगितलं, पण एकदा बसलेला संशय धुऊन जात नाही. मी कार्ड यंत्रातून काढून डब्यात घातलं आणि तारा छपरावरून गोळा केल्या. कंपनीची तपासणी आमच्याकडे आलीच नाही. डीलरशिप राहिली, आजही आहे.

पुण्याला गेल्यावर आत्तीनं बस्तीत जाऊन मुनी महाराजांकडे प्रायश्चित्त मागितलं आणि टीव्हीचा आजन्म त्याग घेतला. धन्यकुमारच्या घरी टीव्ही दिवसभर चालायचा, ती खोलीचं दार लावून बसायची. धन्यकुमारनं बोलणारं घड्याळ आणून दिलं तर म्हणाली, मला त्याचं कळत नाही. नातवानं तिच्यासाठी घेतलेल्या मोबाइलच्या एक नंबरच्या बटणावर माझा नंबर लावून दिला. तिनंच तसं सांगितलं होतं म्हणे.

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. घरात सून असायची, नातू असायचा, शेजारीपाजारी असायचे. पण रोज संध्याकाळी फोन मला यायचा. सुरुवातीला मला तो उचलायची लाज वाटायची. दुसरं काही बोलायची नाही, फक्त विचारायची, सन्मती, दिवस आहे का अजून? मी दुकानातून उठून रस्त्यावर यायचो, आभाळ भरून आलेलं असलं तर घड्याळात बघायचो, पुन्हा एकदा बघायचो, आणि मग सांगायचो, "आहे, आत्ती. जेवून घे."

आणि ती जेवायची.